म्युनिकला पहिली खोली: स्टुडिओ की वे-गे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरपासून म्युनिकला मास्टर्स, ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून) दरमहा ९९२ युरो मिळणार, तर एकट्यापुरता छोटा स्टुडिओ बघावा की वे-गे, म्हणजे तिघाचौघांत वाटून घेतलेला फ्लॅट?

वे-गे. म्युनिकला खासगी स्टुडिओचं भाडं भरल्यावर ९९२ मध्ये विमा आणि किराणा बसवणं फार अवघड आहे. वे-गेतली खोलीही स्वस्त नाही, पण महिना निभतो. श्टुडिअरेंडनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांची सोय बघणाऱ्या संस्थेच्या, वसतिगृहासाठी मात्र शक्य तितक्या लवकर अर्ज टाकून ठेवा. यादी लांब असते. नंबर पुढच्या सेमिस्टरला लागला तरी फायद्याचंच.

खोली बघताना भाडं दुसरं. पहिला प्रश्न हा, की आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, होईल का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचं पत्र लागतं, त्याला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग म्हणतात (नाव एवढं मोठं, कागद अर्ध्या पानाचा). नुसता भाडेकरार चालत नाही. नोंदणी नसेल तर टॅक्स आयडी रखडतो आणि पुढे रेसिडन्स परमिटही. ‘आनमेल्डुंग जमणार नाही’ असं लिहिलेली स्वस्त खोली बऱ्याचदा मालकाला न विचारता दिलेली असते. मालकाला कळलं की मूळ भाडेकरूवर, म्हणजे हाउप्टमीटरवर, गदा येते आणि त्याच्यामागोमाग तुमच्यावरही. पोटभाडेकरू म्हणून राहणार असाल तर मालकाची लेखी परवानगी बघायला मागा. त्यात उद्धटपणा काही नाही.

सगळे मिळून एकाच करारावर सही करत असाल तर जपून. तिथे प्रत्येक जण पूर्ण भाड्याला जबाबदार असतो. एकाने थकवलं तर मालक तुमच्याकडे सगळी रक्कम मागू शकतो. नवख्याला प्रत्येक खोलीचा वेगळा करार बरा.

जाहिरातीत काल्ट म्हणजे नुसतं भाडं, वार्म म्हणजे हीटिंग-पाणी धरून. वीज आणि इंटरनेट वेगळं आहे का ते विचाराच. हीटिंगचे दरमहा भरता ते आगाऊ पैसे. वर्षाचा हिशेब नंतर येतो आणि हिवाळ्यात रेडिएटर पाचावर, म्हणजे सर्वांत जास्त, ठेवलेला असेल तर चांगलाच फरक भरावा लागतो. डिपॉझिट काल्ट भाड्याच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही आणि ते तीन समान हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. रेडिओ-टीव्हीची फी सध्या महिना १८.३६ युरो, पण घरामागे एकच. पत्र प्रत्येकाच्या नावाने येतं. जो भरतो त्याच्या फी-खात्याचा नंबर उत्तरात कळवायचा आणि वाटणी करायची. गप्प बसलात तर तुमच्या नावाने वेगळी आकारणी सुरू होते.

‘मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ ही शुद्ध फसवणूक. भारतातून खोली पक्की होत नसेल तर दोन-तीन महिन्यांची त्स्विशनमीटं घ्या, म्हणजे कुणी इंटर्नशिपला गेलेला असताना त्याची रिकामी खोली. आनमेल्डुंगची अट तिथेही सोडू नका.

आता स्वयंपाक. बारा चौरस मीटरची खोली म्हणजे जेमतेम १३० चौरस फूट. स्टुडिओत दोन शेगड्यांची पँट्री पलंगाला चिकटून असते आणि फोडणीचा वास थेट जॅकेटमध्ये मुरतो. वे-गेत निदान स्वयंपाकघराला दार असतं. कुकरची वाफ आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांनी थंड भिंतीवर, विशेषतः कपाटामागे, काळी बुरशी धरते आणि डिपॉझिट कापायला ते चांगलं निमित्त होतं. खिडकी दिवसभर वरून जराशी तिरकी उघडी ठेवून उपयोग नाही, भिंत आणखी गार पडते. दिवसातून दोन-तीनदा रेडिएटर बंद करून खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडा. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब.

ताबा घेताना भिंतींचे फोटो काढा, किल्ल्या किती मिळाल्या ते लिहून घ्या. सोडताना साधारण तीन महिन्यांची नोटीस लागते, तीही महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोहोचलेली. चौथ्या दिवशी पोहोचली तर आणखी एका महिन्याचं भाडं. आणि ती कागदावर, शाईच्या सहीने. ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवरची नोटीस ग्राह्य नाही.