आजोबांच्या पेटीतील सर्वोदयी कागद: निवड करण्याआधी वाचावे असे काही

आपण लिहिले आहे की बीड जिल्ह्यातील आपले आजोबा सर्वोदयाचे आणि शांतिसेनेचे (विनोबांच्या विचारांच्या अहिंसक स्वयंसेवकांच्या दलाचे) काम करीत आणि त्यांच्या पश्चात वाड्यातील लोखंडी पेटीत दैनंदिन्या, पोस्टकार्डे, सायक्लोस्टाइल केलेली पत्रके, सभांच्या खर्चाच्या वह्या, १९६३ च्या दिल्ली-पेकिंग (आजचे बीजिंग) मैत्रीयात्रेविषयीचे कागद आणि मोडलेल्या बंदुकीचे चिन्ह असलेली लंडनची काही इंग्रजी पत्रे सापडली आहेत. मोठ्या नेत्यांची पत्रे ठेवून बाकीचे रद्दीत द्यावे, असे घरच्यांचे मत आहे आणि ठेवलेले कोणत्या संस्थेकडे सोपवावे, हा आपला प्रश्न आहे. माझी पहिली विनंती अशी की त्या पेटीतला एकही कागद सध्या वेगळा काढू नये. नेत्यांची पत्रे बहुधा दुसरीकडेही सापडतील. खर्चाची वही आणि तालुक्याच्या सभेचे पत्रक मात्र दुसरीकडे कुठेही नसण्याचीच शक्यता जास्त आहे.

युद्धविरोधी चळवळींच्या बाबतीत हे विशेष खरे आहे, कारण अशा चळवळींची सरकारी नोंद प्रतिपक्षाने केलेली असते आणि ती टिकवायची की नाही हेही तोच ठरवतो. ब्रिटनमध्ये १९१६ साली सक्तीची लष्करभरती सुरू झाल्यावर सद्सद्विवेकबुद्धीच्या आधारे युद्धाला नकार देणाऱ्यांचे अर्ज स्थानिक न्यायमंडळांपुढे चालले. परंतु १९२१ मध्ये त्या न्यायमंडळांची बहुतेक कागदपत्रे सरकारी आदेशाने नष्ट करण्यात आली आणि मिडलसेक्स व स्कॉटलंडमधील लोदियन-पीबल्स येथील दफ्तरे तेवढी नमुन्यादाखल राखली गेली. पुढे सिरिल पिअर्स या इतिहासकाराने अशा सुमारे २०,००० माणसांची नोंदवही तयार केली, ती मुख्यतः विखुरलेल्या साधनांतून, आणि त्या साधनांत घराघरांत उरलेल्या पत्रांचा व आठवणींचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी गांधीजींच्या वैयक्तिक सत्याग्रहातील पहिले सत्याग्रही म्हणून युद्धविरोधी भाषण केले. त्या सत्याग्रहाविषयीच्या गृहखात्याच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधता येतात. कोणाला कधी अटक झाली, कोणते कलम लावले आणि शिक्षा किती झाली हे त्यांतून कळते. पण गावात त्या माणसाला कोणी जेवू घातले, कोणी दार लावून घेतले आणि त्याच्या मनात कोणत्या शंका होत्या, हे त्याच्या दैनंदिनीवाचून कळणार नाही.

मराठवाड्यात अडचण आणखी वाढते. आपला प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग द्विभाषिक मुंबईत आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्यामुळे जुने दफ्तर, ज्यातले पुष्कळसे उर्दूत आहे, हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात राहिले आणि नंतरचे मुंबईकडे गेले. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, म्हणजे निजामाच्या राज्यावरील भारतीय लष्करी कारवाईनंतर, नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांचे सद्भावना मंडळ या भागात फिरले आणि त्यांनी हिंसाचारात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड यांची नावे घेतली. त्या मंडळाचा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित होता. त्या काळात हिंदू व मुस्लिम या दोन्ही समाजांत सलोख्यासाठी झटलेल्या खेड्यातल्या माणसांचे कागद अजूनही पेट्यांतच आहेत, आणि त्यांपैकी किती पेट्या दरवर्षी वाळवीच्या पोटात जातात याचे मला खरोखर दुःख होते. आजोबांच्या १९४८ ते १९५१ च्या दैनंदिन्या असतील, तर त्या आधी जपाव्यात.

आता लंडनच्या पत्रांविषयी. मोडलेली बंदूक हे १९२१ साली नेदरलँड्समध्ये स्थापन झालेल्या ‘वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल’ या संघटनेचे चिन्ह आहे. सेवाग्रामला कलाशिक्षक असलेले देवीप्रसाद १९६२ पासून दहा वर्षे लंडनमध्ये तिचे सरचिटणीस होते, म्हणून मराठवाड्यातल्या सर्वोदयी माणसाशी तिचा पत्रव्यवहार असावा यात नवल नाही. या संघटनेचे दफ्तर आम्सटरडॅमच्या आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेत आहे. आजोबांनी पाठवलेली पत्रे तिथे मिळण्याची शक्यता आहे आणि तसे झाल्यास संवादाच्या दोन्ही बाजू जुळतील. मैत्रीयात्रा १ मार्च १९६३ रोजी शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीहून निघाली. चीन युद्ध थांबून चार महिनेही झाले नव्हते, देशात तिच्यावर कडक टीका झाली आणि चीनने प्रवेश दिला नाही. अशा वेळी बीडकडच्या गावांत तिच्याविषयी काय बोलले गेले, हे आपल्या पत्रकांतून आणि त्यांच्या मागे खरडलेल्या टिपणांतून समजू शकते. अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयाचा शांतता संग्रह १९३० च्या सुमारास जेन ॲडम्स यांच्या कागदांपासून सुरू झाला. तिथे एखाद्या छोट्या संघटनेची मोजकी पत्रके असली तरी तिची स्वतंत्र नोंद ठेवतात. ही सवय आपण उचलावी असे मला मनापासून वाटते.

पेटी उघडल्यावर आधी वरून खाली जशी मांडणी आहे तिचे छायाचित्र घ्यावे. आजोबांनी जे कागद एकत्र बांधले ते एकत्रच ठेवावेत, कारण त्या गठ्ठ्यातूनच कोणता कागद कशासाठी आला हे उमजते. विषयवार किंवा तारीखवार लावण्याचा मोह आवरावा. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात, पण चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. पाकिटे फेकू नयेत, कारण पत्रावर तारीख नसली तरी टपालाच्या शिक्क्यावर ती असते. दप्तरखान्यात करतात तसे न रंगवलेल्या सुती कापडाच्या रुमालांत गठ्ठे बांधावेत आणि पावसाळ्यापूर्वी पेटी जमिनीवरून व भिंतीपासून दूर उचलून ठेवावी. स्कॅन जरूर करावे, तथापि स्कॅन झाले म्हणून मूळ प्रत टाकू नये.

संस्थेच्या बाबतीत माझा कल स्पष्ट आहे: मूळ कागद मराठवाड्यातच राहावेत. छत्रपती संभाजीनगरला राज्य पुराभिलेखागाराचे कार्यालय आहे, स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्था आहे, विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. प्रत्यक्ष जाऊन त्यांची साठवणीची खोली पाहावी आणि मगच ठरवावे. दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि पूर्वीचे नेहरू स्मारक ग्रंथालय (आताचे पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालय) खाजगी कागद स्वीकारतात, त्यांना प्रती देता येतील. देताना लेखी दानपत्र करावे. त्यात संग्रह फोडला जाणार नाही, कुटुंबाला प्रती मिळतील आणि हयात व्यक्तींविषयीचा खाजगी मजकूर ठरावीक वर्षे बंद राहील, या अटी असाव्यात. पत्र आपल्या मालकीचे असले तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या मृत्यूनंतर साधारणतः ६० वर्षे वारसांचा असतो, म्हणून इतरांची पत्रे लगेच इंटरनेटवर टाकू नयेत.

इंग्रजी पत्रांवरील तारखा आणि सही करणाऱ्याचे पद मला कळवावे. आम्सटरडॅमच्या सूचीत कोणत्या वर्षांखाली शोध घ्यायचा, हे मग सांगता येईल.