सशांच्या मागच्या पायांना जखमा झाल्यात, हळद भरली तर चालेल का?

कराडजवळ तुमचे बारा ससे जाळीच्या पिंजऱ्यात आहेत. तिघांच्या मागच्या टाचांचे केस जाऊन लाल जखमा झाल्यात, त्यात दोन नर एकमेकांना चावलेत आणि घरची मंडळी हळद भरा म्हणतात. हळद भरू नका.

मी तासगाव तालुक्यात आठ वर्षं ससे पाळतोय. आमच्याकडे हळदीचा मान काय आहे ते वेगळं सांगायला नको. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण पूड जखमेत बसली की लघवीच्या ओलीनं तिचा लगदा होतो. खाली मांस भरतंय की पू धरतोय, काही दिसत नाही.

टाचेची जखम मुळात पिंजऱ्यामुळे होते. कुत्र्या-मांजराच्या तळव्याला गादी असते, सशाला नुसते दाट केस. अंगानं भारी ससा रात्रंदिवस तारेवर बसला, खालून ओल राहिली, नखं वाढलेली असली, की सगळा भार टाचेवर येतो आणि केस झिजतात. आमच्या एका मादीचं असंच झालं. ती खात होती, पण बसल्या जागी एकदा हा पाय, एकदा तो पाय उचलायची. मला वाटलं, उकाड्यानं करत असेल. आठवड्यानं उचलून बघितली तर दोन्ही टाचांना रुपयाएवढी पिवळट, टणक खपली, आणि मधोमध चीर. ससा ओरडत नाही, दुखणं लपवतो. तेव्हापासून दर रविवारी प्रत्येक सशाचे तळवे बघतो. उताणा पाडून नाही हं. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, आणि छातीशी उभा धरायचा, दुसऱ्यानं बघायचं. सैल धरला आणि त्यानं लाथ झाडली तर त्याच्याच जोरानं पाठीचा कणा मोडतो.

आज पहिलं काम, निम्म्या पिंजऱ्यात लाकडी फळी टाका आणि वर भाताचा कोरडा पेंढा. पेंढा रोज बदला. मग १ लिटर पाणी उकळून गार करा, त्यात ९ ग्रॅम मीठ घाला आणि जखम हळू धुवा. खपली ओढून काढू नका, भोवतीचे केसही कापू नका, तेच त्याचं पायताण आहे. स्वच्छ फडक्यानं टिपून घ्या आणि पोव्हिडोन आयोडीन बिनदुधाच्या फिक्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पाण्यात पातळ करून लावा. दिवसातून दोनदा पुरे. आमच्या मादीला भरून यायला दोन महिने लागले, तेव्हा धीर धरा. सूज वाढली, पू दिसला किंवा ससा पाय टेकेना, तर थांबू नका, डॉक्टर गाठा.

चावलेल्या नरांची मला जास्त काळजी वाटते. वरून दाताचं बारीक भोक दिसतं, पण आत खोल गेलेलं असतं. चार-पाच दिवसांनी तिथं गाठ येते. सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट असतो, दाबून निघत नाही. दाबलात तर आतल्या आत पसरतो. ती गाठ डॉक्टरांनीच काढायची. पाठ आणि वृषणं नीट चाचपून बघा, नर तिथंच चावतात. दोघांना आजच वेगळं करा आणि पुन्हा कधी एकत्र ठेवू नका. यापुढे पिल्लं तीन महिन्यांची झाली की नर वेगळे काढा. जोडी लावायला मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची. उलट केलं तर मादी त्याला फोडते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. औषध दुकानातून माणसांचं अँटिबायोटिक आणून पाजू नका. मी एकदा दुकानदाराच्या सांगण्यावरून अमॉक्सिसिलिनचं सिरप पाजलं होतं. जखम लहानशीच होती, पण सशाला हगवण लागली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे दिली की सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात. जनावरांच्या डॉक्टरांना मी हे नंतर विचारलं. आधी विचारायला हवं होतं.

आता पावसाळ्यात माशांकडे लक्ष द्या. ढुंगणाला लेंड्या चिकटल्या असतील किंवा जखम ओली असेल, तर माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या पडतात. सकाळ-संध्याकाळ बघा. गाईच्या जखमेत आपण टर्पेंटाईनचा बोळा घालतो तसा इथं घालायचा नाही, आणि कुत्र्याच्या गोचिडांवरचं फिप्रोनिलही नाही, सशाला ते विष आहे. दिसतील तेवढ्या अळ्या चिमट्यानं काढा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तालुक्याच्या दवाखान्यात सशाचा अनुभव नसेल, तर तुमच्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं विचारा. जाताना पिंजऱ्यात ओला चारा ठेवा आणि ससा शेवटचं कधी खाल्ला ते लक्षात ठेवा, डॉक्टर आधी तेच विचारतील. दहा-बारा तास काही खाल्लं नसेल तर जखम राहू द्या, आधी त्यासाठीच न्या.