मुंबईहून दहा वर्षांच्या मुलाला घेऊन बालासिनोरचं डायनासोर संग्रहालय पाहायला जायचं आहे. तिथे खरे जीवाश्म दिसतात की नुसते पुतळे? किती वेळ ठेवावा?

दोन्ही दिसतं, पण बरंचसं वेगवेगळ्या जागी. संग्रहालयाच्या दारातले आणि दालनांतले उभे डायनासोर ही प्रतिरूपं आहेत. खडकात जसेच्या तसे असलेले खरे जीवाश्म शेजारच्या जीवाश्म उद्यानात, उघड्यावर आहेत. बरेच लोक संग्रहालय निवांत बघतात, बाहेर पडेपर्यंत ऊन चढलेलं असतं, मग उद्यानात पाच मिनिटं डोकावून परत फिरतात. हा क्रम उलटा करा. सकाळी आधी उद्यान, मग संग्रहालय. एवढं केलंत तर प्रवास सार्थकी लागेल.

ठिकाण खुद्द बालासिनोरमध्ये नाही. गावापासून बारा-पंधरा किलोमीटरवरच्या रैयोलीला आहे (महिसागर जिल्हा, गुजरात). मुंबईहून रात्रीच्या गाडीने वडोदरा किंवा अहमदाबाद गाठा. दोन्हीकडून बालासिनोर साधारण दोन तासांच्या रस्त्यावर आहे. बालासिनोरपर्यंत एसटी मिळते, पण पुढे रैयोलीला जाण्या-येण्यासाठी गाडी हाताशी हवी. जाताना रिक्षा मिळून जाते, परतताना अडकायला होतं, म्हणून तीच रिक्षा थांबवून ठेवायचं आधीच ठरवा. सोमवारी संग्रहालय बंद असतं. सणासुदीच्या सुट्टीत जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशी ओलांडतो आणि उद्यानात सावली फारशी नाही. पाणी आणि मुलाचं खाणं बालासिनोरमधूनच घेऊन निघा. पायात बूट हवेत, कारण जमीन खडकाळ आहे आणि काटेरी झुडपं आहेत.

उद्यानात वाटाड्या घ्याच. नाहीतर तुम्ही अंड्यावर उभे असाल आणि कळणारही नाही. मुलाच्या डोक्यात चित्रातलं गुळगुळीत गोल अंडं असतं, तसं इथे क्वचितच दिसतं. शोधायचं ते वर्तुळ: पांढुरक्या-करड्या, चुनखडीयुक्त कठीण खडकाच्या पृष्ठभागावर न सोललेल्या नारळाएवढं, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर व्यासाचं, आणि त्याच्या कडेने गेलेली जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची वेगळ्या रंगाची रेघ. ती रेघ म्हणजे कवच. आतला भाग गाळाने भरून त्याचाही दगडच झालेला असतो. पुष्कळदा अर्धंच वर्तुळ उरलेलं असतं. एक सापडलं की आजूबाजूला बघा, कारण ही अंडी घरट्यात एकत्र घातलेली असतात. भिंग नेलंत तर कवचावरचे बारीक उंचवटे दिसतील. हाड ओळखायचं ते तुटलेल्या टोकावरून: तिथे बारीक छिद्रांची जाळी दिसते, साध्या दगडात ती नसते. डोक्यावर ऊन आलं की हे सगळं सपाट दिसतं. सकाळच्या तिरप्या उन्हात कडा उठून येतात, फोटोही तेव्हाच नीट निघतात. खरवडू नका, पाय देऊ नका आणि सुटा तुकडाही खिशात घालू नका. जागेवरून हललेल्या तुकड्याचा अभ्यासाला फारसा उपयोग उरत नाही.

मुलाला जायच्या आधी एवढं सांगून ठेवा. हा खडक लामेटा थरातला आहे, वय साधारण पावणेसात कोटी वर्षं. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्ह्यापासून झाला, त्याच लाव्ह्याखाली हे थर गाडले गेले. ही अंडी टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी प्राण्यांची मानली जातात. १९८१ साली भूवैज्ञानिकांना इथे जीवाश्म सापडले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गोळा केलेल्या हाडांवरून २००३ मध्ये 'राजासॉरस नर्मदेन्सिस' हे नाव जाहीर झालं. त्याला सरसकट 'भारताचा टी-रेक्स' म्हणतात, ते मला पटत नाही. हा वेगळ्या कुळातला मांसाहारी: आखूड तोंड, कपाळावर एक बुटकं शिंग, आणि जवळचा नातलग मादागास्करमध्ये. ही ओळख टी-रेक्सच्या उसन्या नावापेक्षा कितीतरी सरस आहे. त्याचा पूर्ण सांगाडा मिळालेला नाही; कवटीचा मागचा भाग, मणके, कंबर, पाय, शेपटी असे भाग मिळाले. त्यामुळे दारातल्या पुतळ्याचं उरलेलं अंग नातलगांवरून अंदाज बांधून केलेलं आहे, हे मुलाला जरूर सांगा. २०१० मध्ये नाव मिळालेला 'राहिओलिसॉरस' हा इथलाच दुसरा मांसाहारी डायनासोर तर याच गावाच्या नावाचा.

आणि 'सनाजेह' सापाची गोष्ट विसरू नका. गुजरातमधल्याच धोली डुंगरी इथे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात एक घरटं सापडलं. त्यात अंड्यांबरोबर डायनासोरचं पिल्लू आहे, इतकंच आधी वाटलं होतं. बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं, की फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साप आहे, लांबी सुमारे साडेतीन मीटर! डायनासोरचं पिल्लू खायला आलेला साप खडकात सापडणं ही जगातही दुर्मीळ गोष्ट आहे.

उद्यानाला दोन तास, संग्रहालयाला दोन तास धरा. संग्रहालय २०१९ मध्ये सुरू झालं, २०२२ मध्ये त्यात भर पडली. थ्री-डी चित्रपट वगैरेत मुलं रमतात, पण वेळ कमी असेल तर ते सोडा आणि जीवाश्मांची दालनं बघा. जेवण आणि मुक्काम बालासिनोरला. तिथल्या राजघराण्यातल्या आलिया सुलताना बाबी यांनी या जागेसाठी अनेक वर्षं धडपड केली आहे. त्यांच्याकडून माहिती ऐकायची संधी मिळाली तर सोडू नका.

खऱ्या हाडांचा उभा सांगाडाच बघायचा हट्ट असेल, तर मात्र रैयोली नव्हे, हैदराबादचं बिर्ला विज्ञान संग्रहालय गाठा. तिथला 'कोटासॉरस' तेलंगणात मिळालेल्या हाडांवरून उभा केलेला आहे आणि रैयोलीच्या प्राण्यांहून दहा कोटींहून अधिक वर्षांनी जुना आहे.