रात्रीच्या लढाईला माणसं मिळेनात

प्रश्न : ‘एक्स-विंग व्हर्सेस टाय फायटर’ या अवकाशयुद्धाच्या संगणक खेळाच्या काळात आमची स्क्वाड्रन, म्हणजे तुकडी, उभी राहिली. शनिवारी रात्री सामना ठरला की जागा कमी पडायची, दोन-दोन तुकड्या करून खेळावं लागायचं. आज रोस्टर, म्हणजे नावांची यादी, लांबलचक आहे, पण सामन्याला मी आणि आणखी एक जण. जुने म्हणतात कंपन्यांनी घात केला, काही म्हणतात हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत. तुम्हाला काय वाटतं?
— रोस्टर सांभाळणारा

उत्तर : रोस्टर मीही सांभाळलंय, एका लीगचं, बरीच वर्षं. त्यावरच्या नावांवर जाऊ नका. ठरल्या तासाला जे समोर येऊन उभे राहतात, तेवढाच समुदाय. बाकीची नावं म्हणजे काढायला जीव होत नाही म्हणून राहिलेल्या ओळी.

पोरांचं आधी निकालात काढू. हीच पोरं इतर अवघड खेळांत एकेका शत्रूपायी रात्र घालवतात. कष्टांचं त्यांना वावडं नाही.

कंपन्यांचा दोष आहे, पण तुमचे जुने सवंगडी म्हणतात तिथे नाही. तुमचा खेळ १९९७ चा. त्याला चालवणारा मध्यवर्ती सर्व्हर लागायचा नाही, एकमेकांचा आयपी पत्ता ठाऊक असला की झालं. लागायची ती लॉबी, म्हणजे खेळाडूंनी एकमेकांना शोधायची जागा. मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग झोनवर अनोळखी माणूस सहज डोकवायचा, कुणीतरी त्याला ‘एक जागा आहे, ये’ म्हणायचं, आणि महिन्याभरात तो तुमच्या तुकडीत असायचा. सीडीवरच्या खेळांसाठीची ती सोय २००६ मध्ये बंद झाली. तुमच्यात कुणाचं काही अडलं नाही, कारण तुमच्याकडे एकमेकांचे पत्ते होते. नवख्याकडे ते कुठून येणार? त्या दिवसापासून तुमच्यात भर पडायची थांबली. गळती तर प्रत्येक तुकडीत कायमच असते. कुणाला नोकरी लागते, कुणाला मूल होतं, कुणाचा जॉयस्टिक मोडतो. पूर्वी ती जाणवत नव्हती एवढंच.

पण कंपनीने सगळं खेळाडूंच्या हाती दिलं असतं तर तुमची शनिवारची रात्र वाचली असती का? मला तसं वाटत नाही, आणि याला दाखला आहे. मायक्रोसॉफ्टचा ‘अलीजन्स’ आठवतो? २००० साली आला. एक जण सेनापती होऊन नकाशावरून तळ उभारायचा आणि बाकीचे कॉकपिटमधून लढायचे. विक्री पडली, कंपनीने हात काढून घेतला, पण २००४ मध्ये सोर्स कोड, म्हणजे खेळाचा मूळ प्रोग्रॅम, खुला केला. खेळाडूंनी सर्व्हर चालवले, चुका दुरुस्त केल्या, नवख्यांसाठी प्रशिक्षणाचे वर्ग घेतले, कौशल्य मोजून संघ समतोल ठेवायची पद्धतसुद्धा बनवली. २०१७ मध्ये तो स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात फुकट मिळू लागला. यापेक्षा जास्त काय मागणार? तरी तोही आटत गेला. अशा सामन्याला दोन सेनापती आणि दोन्हीकडे पुरेशी माणसं एकाच तासाला लागतात. पत्त्यांच्या डावाला चौथा भिडू मिळाला नाही की उरलेले तिघेही उठून जातात, तसंच. चाळीस जण दिवसभरात वेगवेगळ्या वेळी डोकावले तर त्यांतल्या प्रत्येकाला सर्व्हर रिकामाच दिसतो.

आता तुम्हाला न आवडणारं. उरलेल्या थोड्यांत सगळे मुरलेले असतात, आणि अवकाशयुद्धात मुरलेल्या माणसापुढे नवखा जितका हतबल होतो तितका इतर खेळांत क्वचितच होत असेल. ‘डिसेंट’चं उदाहरण घ्या. १९९५ चा खेळ, खाणीतला, पण सहाही दिशांना मोकळं उडणं तोच शिकवून गेला. त्यात पुढे, बाजूला आणि वर असा तिन्हीकडे जोर एकदम लावला की तिन्ही वेग एकमेकांत मिळायचे आणि जहाज साध्या वेगाच्या सुमारे १.७३ पट पळायचं. याला ट्रायकॉर्डिंग म्हणायचे. ज्याला हे ठाऊक नाही त्याने कितीही नेम साधला तरी समोरचा त्याच्या हाती लागायचा नाही, आणि का लागत नाही हेही त्याला उमगायचं नाही. तुमच्या खेळात हीच गत लेझर, ढाल आणि इंजिन यांच्यातल्या ऊर्जेच्या वाटपाची. जुना खेळाडू ते न बघता बोटांनी करतो. नवखा तेवढ्यात तीनदा मरतो.

गर्दी असताना नवख्याला निदान दुसरा नवखा सापडायचा. गर्दी सरली आणि त्याच्या वाट्याला फक्त तुम्ही आलात.

शनिवार परत आणायचा असेल तर एक करून बघा: दर आठवड्याचा हट्ट सोडा. महिन्यातून एकच रात्र ठरवा, ती वर्षभर बदलू नका, आणि त्या रात्री जुन्यांना दोन्ही बाजूंना वाटून टाका. दोघं एकाच बाजूला बसून शिकार करायला लागलात तर पुढच्या महिन्यात पुन्हा दोघंच असाल.

प्रश्न : चीटर्समुळे समुदाय संपतात, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?
— एक वाचक

उत्तर : अर्धवट. ‘नेटरेक’ हा अवकाशयुद्धाचा खेळ १९८८ पासूनचा, आठ विरुद्ध आठ, इंटरनेटवरच्या पहिल्या सांघिक खेळांपैकी एक. त्याचा क्लायंट, म्हणजे खेळाडूच्या संगणकावर चालणारा प्रोग्रॅम, कुणीही लिहू शकायचा, त्यामुळे आपोआप नेम धरणारे क्लायंट निघाले. लोक खेळ सोडून गेले नाहीत. त्यांनी आरएसए कूटलेखन वापरून मान्यताप्राप्त क्लायंट ओळखायची सोय केली, आणि तीही वेबवर खरेदी-विक्री रुळण्याच्या आधी! ‘सबस्पेस’ची गोष्टही तशीच. १९९७ चा खेळ, वरून दिसणारा, सपाट, पण एकदा सुटलेलं जहाज आवरायला उलटा जोर लावावा लागतो असा. प्रकाशक बुडाला, सर्व्हर खेळाडूंच्या हाती आले आणि फसवणूक बोकाळली. तेव्हा प्रित कासेसालू या एस्टोनियन खेळाडूने, जो काझा या फायली वाटून घ्यायच्या प्रोग्रॅमच्या घडणीतही होता, ‘कंटिन्यूअम’ हा नवा क्लायंट लिहिला आणि लोक त्यावर गेले. माणसं भरपूर असली की चीटरचा बंदोबस्त करायला कुणीतरी पुढे येतंच. माणसं नसली की तोच शेवटचं निमित्त ठरतो.

प्रश्न : मग ‘ईव्ह ऑनलाइन’ वीस वर्षांहून जास्त कसा टिकला? तोही अवकाशातल्या लढायांचाच खेळ ना?
— नकाशे जमवणारी

उत्तर : लढायांचा आहे, उडण्याचा नाही. जहाजाला हुकूम द्यायचा, अमक्याभोवती इतक्या अंतरावरून फिर, तमक्यावर मारा कर. आमच्यासारख्या जॉयस्टिकवाल्यांना तो बैठा खेळ वाटतो. मला स्वतःला ईव्हबद्दल वाचायला फार आवडतं, खेळायला नाही.

पण टिकण्याचं कारण पक्कं आहे. आइसलंडच्या सीसीपी कंपनीने मे २००३ मध्ये तो सुरू केला तेव्हापासून, चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर, सगळे एकाच विश्वात आहेत. माणसं वेगवेगळ्या सर्व्हरवर विखुरत नाहीत. शिवाय गेलेलं जहाज गेलंच, परत मिळत नाही, म्हणून वैर शिल्लक राहतं. तुमची आमची लढाई सामना संपला की संपायची. तिथे ती वर्षानुवर्षं चालते, आणि त्यासाठी मुत्सद्दी, हेर, हिशेबनीस, मालवाहू असे सगळे लागतात. नेम वाईट असलेल्यालाही काम मिळतं! माझ्या मते खरी मेख इथे आहे. अलीजन्समध्ये कच्चा खेळाडू संघाला ओझं वाटायचा, ईव्हमध्ये तोच खनिज खणून युद्धाचा खर्च उचलतो.

२७ जानेवारी २०१४ ला बी-आर५आरबी नावाच्या प्रणालीत जे झालं ते बघा. एका आघाडीचं त्या प्रणालीवरच्या ताब्याचं भाडं भरायचं राहिलं, शत्रूने ते हेरलं आणि पुढचे जवळजवळ एकवीस तास लढाई चालली. ७५ टायटन, म्हणजे खेळातली सर्वांत अवाढव्य जहाजं, नष्ट झाली. खऱ्या पैशांत ते नुकसान तीन लाख डॉलरच्या वर धरलं गेलं. सर्व्हर कोलमडू नये म्हणून गर्दीच्या जागी खेळातला काळच संथ केला जातो, अगदी दहा टक्क्यांपर्यंत. एक गोळी सुटायची तर माणूस उठून चक्कर मारून यायचा. कुणाला हे कंटाळवाणं वाटेल. पण मध्यरात्री फोन करून झोपलेल्यांना उठवलं जात होतं, आणि ते उठून येत होते.

तरीही तोही शिखरावर नाही. एकाच वेळी ६५,३०३ जण, हा मे २०१३ चा विक्रम अजून मोडलेला नाही. २०१६ मध्ये मर्यादित स्वरूपात फुकट खेळायची मुभा दिल्यावरही नाही.

प्रश्न : ‘एलिट डेंजरस’मध्ये महिनाभर उडतोय, लढायला माणूसच भेटत नाही. माझ्या कनेक्शनचा दोष आहे का?
— एकटा

उत्तर : थोडा असू शकेल. तिथे खेळाडूंचे संगणक थेट एकमेकांशी जोडले जातात, त्यामुळे दोघं एकाच स्थानकासमोर असून एकमेकांना दिसत नाहीत असं होतं. पण मूळ कारण वेगळं. आकाशगंगा खऱ्या मापाची, ४०० अब्ज तारकाप्रणालींची. शिवाय एकट्याने खेळायचा पर्याय मुख्य पडद्यावरच असतो आणि त्यातही तीच कमाई होते. मग माल घेऊन निघालेला व्यापारी चाच्यांच्या वाटेला कशाला जाईल? २०१४ मध्ये तो आला तेव्हा आम्ही जुनी मंडळी हरखून गेलो होतो. खेळ देखणा आहे, अवकाश तर इतकं की संपता संपत नाही. लढाईसाठी मात्र अवकाश छोटं लागतं. सामुदायिक मोहीम चालू असलेल्या प्रणालीत खुल्या मोडमध्ये जा, तिथे कुणीतरी तुम्हाला नक्की मारेल.

प्रश्न : महागडा जॉयस्टिक आधी घ्यावा का?
— नवशिका

उत्तर : नको. साधा, मूठ फिरवता येणारा घ्या. मूठ फिरवून जहाजाचं नाक डावी-उजवीकडे वळवता येणं, एवढं एकच बघा.

प्रश्न : ऑनलाइन कुणी उरलं नसेल तर या खेळांत आज नव्याने शिरण्यात अर्थ आहे का? कुठून सुरुवात करू?
— उशिरा आलेली

उत्तर : उशीर झाला खरा, पण आलात ते बरं केलंत. ‘फ्रीस्पेस २’ घ्या. व्होलिशनने तो १९९९ मध्ये बनवला, समीक्षकांनी डोक्यावर घेतला आणि दुकानांत तो पडून राहिला. २००२ मध्ये सोर्स कोड खुला झाला. तेव्हापासून हार्ड लाइट प्रॉडक्शन्स या चाहत्यांच्या संकेतस्थळाभोवती जमलेली मंडळी त्याचं इंजिन सुधारताहेत, इतकं की त्यावर टीव्ही मालिकांच्या विश्वातले स्वतंत्र खेळसुद्धा उभे राहिले. मूळ ऑनलाइन लीग गेली, तेव्हा या लोकांनी तिच्या जागी स्वतःची सेवा लिहिली. पण तिथली खरी वस्ती लढणाऱ्यांची नाही, मोहिमा रचणाऱ्यांची आहे. मोहीम रचणाऱ्याला समोर कुणी त्याच तासाला हजर असावं लागत नाही. तो आज रचतो, तुम्ही तीन वर्षांनी खेळता, आणि तरी दोघांचं संभाषण होतं. लढवय्ये पांगले तिथे हे टिकले, याचं मला अजूनही थोडं वाईट वाटतं. मी लढणाऱ्यांतली.

मूळ खेळाच्या फायली विकतच घ्याव्या लागतात, फक्त इंजिन फुकट आहे. त्यांचाच ‘नॉसॉस’ नावाचा लाँचर सगळं जागेवर बसवतो. सुरुवातीला दोनच कळा पाठ करा: एच दाबला की सर्वांत जवळचा शत्रू निवडला जातो, एम दाबला की त्याच्या वेगाशी तुमचा वेग जुळतो. ऊर्जेचं वाटप तिसऱ्या-चौथ्या मोहिमेपासून शिका, आधी नको. आणि मूळ कथा पूर्ण झाल्याशिवाय मॉड, म्हणजे चाहत्यांनी रचलेल्या मोहिमा, उतरवू नका. ते रचणारे असं गृहीत धरतात की शिवन या खेळातल्या परग्रही शत्रूच्या जहाजांपैकी कोणतं दिसताच पळायचं, हे तुम्हाला आधीच कळलेलं आहे.