पुरवठादारांचे गुण इनवर्डच्या वहीतून काढावेत

प्रश्न : भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझा पिना आणि बुश तयार करण्याचा लहान कारखाना असून आमचा माल चाकणच्या एका कंपनीला जातो. आमच्या वार्षिक फॉर्मवर सर्व पुरवठादारांना जवळजवळ सारखेच गुण आहेत, असा शेरा ग्राहकाच्या ऑडिटमध्ये मिळाला. यांपैकी काहीजण वीस वर्षांपासून आमच्याबरोबर आहेत. संबंध न दुखावता मूल्यमापन कसे करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : शेरा रास्त आहे आणि तो मनाला लावून घेण्याऐवजी कामाला लावावा. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१:२०१५ या मानकाच्या कलम ८.४.१ मध्ये पुरवठादाराचे मूल्यमापन, निवड, कामगिरीवर देखरेख आणि पुनर्मूल्यमापन या चारही गोष्टी अपेक्षित आहेत. आपल्याकडे पहिल्या दोन नीट होतात. मार्च महिन्यात आठवणीवर भरलेला फॉर्म मात्र देखरेख ठरत नाही, कारण आठवणीत राहतो तो शेवटचा भांडणाचा लॉट किंवा दिवाळीची भेट.

खरी माहिती इनवर्डच्या वहीत, म्हणजे आत येणाऱ्या मालाच्या नोंदवहीत असते. प्रत्येक चलनासमोर ठरलेली तारीख, आलेली तारीख, आलेले नग आणि नाकारलेले नग एवढे लिहिले तरी पुरते. तीन महिन्यांत १०,००० नगांपैकी ४० रिजेक्ट झाले, तर ते ४,००० पीपीएम, म्हणजे दहा लाख नगांमागे ४,०००; १२ पैकी ९ लॉट वेळेवर आले, तर ७५ टक्के. वाहन उद्योगाचे आयएटीएफ १६९४९ हे मानक याशिवाय ग्राहकाकडे आलेला व्यत्यय आणि जादा भाड्याने पाठवावा लागलेला माल हेही मोजायला सांगते.

परंतु स्वीकारलेल्या मालाचे आकडेही जपून ठेवावेत, असा माझा आग्रह आहे. मी स्वतः कारखाना चालवत असताना एका जुन्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडून (भट्टीत तापवून पोलाद कठीण करून देणाऱ्याकडून) येणाऱ्या पिनांची कठिणता ड्रॉइंगप्रमाणे ५० ते ५५ एचआरसी (कठिणतेचे रॉकवेल माप) हवी होती, आणि लागोपाठच्या लॉटमध्ये ती ५४, ५४, ५३, ५२, ५१ अशी आली. प्रत्येक लॉट मर्यादेत असल्यामुळे इन्स्पेक्टरने सर्वांवर ‘ओके’चा शिक्का मारला, पुढचा लॉट ४८ चा निघाला आणि तो परत पाठवावा लागला. भट्टीचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, तापमान कमी दाखवत असल्यामुळे टेंपरिंग (कठीण केलेल्या पिना पुन्हा तापवणे) जास्त तापमानाला होत होते आणि त्यामुळे कठिणता घटत होती. पाचही आकडे एका ओळीत मांडले असते, तर तो लॉट भट्टीत जाण्यापूर्वीच आम्हाला फोन करता आला असता. वर्षाच्या सरासरीत असा उतार दिसत नाही.

गुण देताना आपली बाजूही तपासावी. ड्रॉइंगची नवी आवृत्ती आपणच उशिरा पाठवली असेल, तर तो विलंब पुरवठादाराच्या नावावर लिहू नये. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणीकृत असल्यास २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार लेखी करार असला तरी देयकाची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही; पैसे थकवून वेळेवर मालाचा आग्रह धरणे न्याय्य नाही.

संबंधांबद्दल सांगायचे, तर वीस वर्षांच्या माणसाला वर्षाअखेरीस अचानक ‘क’ श्रेणी कळवणे हेच दुखावणारे असते. त्याऐवजी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या आकड्यांचा एक कागद त्याला पाठवावा आणि ज्याचा उतार दिसेल, त्याच्या शॉपवर स्वतः जाऊन प्रक्रिया पाहावी. सुरुवात हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगवाल्यांपासून करावी, कारण तेथील दोष लांबी-जाडी मोजणाऱ्या आपल्या व्हर्निअरला सापडत नाही.