जुलैत सँटोरिनी-मिकोनोस यॉटने? आधी वारा बघा

तुमचा बेत मला असा समजला: जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याची दोन कुटुंबं, एकूण आठ जण, त्यात सत्तरीच्या आजी आणि दोन लहान मुलं. ग्रीसमध्ये अथेन्सहून स्किपरसकट, म्हणजे बोट चालवणाऱ्यासकट, यॉट भाड्याने घ्यायची आणि एका आठवड्यात मिकोनोस, पारोस, नॅक्सोस, सँटोरिनी करून परत अथेन्स. शिडाच्या बोटीत याआधी कुणीच बसलेलं नाही. खर्च किती येईल आणि काय काय विचारून घ्यावं, असा तुमचा प्रश्न आहे.

यॉट जरूर घ्या. मार्ग मात्र बदला.

साधा हिशेब करा. अथेन्सहून या चार बेटांना वळसा घालून परत यायचं तर तीनशेच्या आसपास सागरी मैल होतात. भाड्याची यॉट, शिडावर असो की इंजिनावर, तासाला सरासरी सहा मैल जाते. म्हणजे पन्नास तास नुसता प्रवास. भाड्याचा आठवडा शनिवार ते शनिवार असतो, पण शनिवारी बोट संध्याकाळी पाचच्या सुमारास ताब्यात मिळते आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी ती तळावर परत हवी असते. हातात उरतात सहा दिवस. रोज आठ तास समुद्रात काढले तर बेटं बघणार कधी?

आणि हा हिशेब वारा शहाण्यासारखा वागला तरचा. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानमधल्या एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा वाहतो. बाल्कनकडे हवेचा दाब जास्त, उन्हाने तापलेल्या तुर्कस्तानवर कमी, त्यामुळे हवा मधल्या समुद्रावरून खाली लोटली जाते. वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापावर पाच-सहा हे नेहमीचं, सात झाला तरी कुणाला नवल वाटत नाही, आणि एकदा धरला की कित्येक दिवस सोडत नाही. कोकणात वारा वाढायचा तर आधी आभाळ भरून येतं, याची आपल्याला सवय असते. इथे आभाळ निळंशार, ऊन कडक, आणि बेटांमधल्या सामुद्रधुनीत लाटांचे माथे फुटून पांढरे झालेले. इतका छान दिवस असताना स्किपर निघत का नाही, म्हणून धक्क्यावर चिडलेली कुटुंबं दर उन्हाळ्यात दिसतात. त्यात सँटोरिनीला जाताना वारा पाठीशी असतो, परतताना तोंडावर. जाणं सोपं आणि येणं अवघड, अशा जागी परतीचं विमान ठरलेलं असणं वाईट.

सँटोरिनीचं आणखी एक आहे. ज्या ज्वालामुखीच्या कड्यांचे फोटो आपण बघतो, त्यांच्याखाली पाणी इतकं खोल आहे की यॉटला नांगर टाकायला तळच मिळत नाही. दक्षिणेला व्लिहाडाचं छोटं बंदर आहे, तिथे हंगामात जागा मिळणं कठीण. म्हणजे एवढं अंतर कापून जायचं आणि बोट कुठे ठेवायची हाच घोर. सँटोरिनी आणि मिकोनोस बघायचीच असतील तर अथेन्सच्या पिरेयस बंदरातून फेरीने जा, हॉटेलात राहा. यॉट हे बेटं उरकण्याचं वाहन नव्हे. जिथे फेरी थांबत नाही त्या खाडीत पोहायला आणि झोपायला मिळावं, यासाठी तिचं भाडं द्यायचं.

तुमच्या मंडळींसाठी मी अथेन्सला लागूनचं सॅरोनिक आखात सुचवेन. अथेन्सच्या अलिमोस मरिनातूनच, म्हणजे यॉटच्या बंदरातूनच, निघता येतं आणि मेल्टेमीचा जोर इथे बराच तुटलेला असतो. पहिला टप्पा ईजिना बेट, तीन तासांच्या आत-बाहेर. तिथलं अफेयाचं देऊळ इसवीसनपूर्व ५०० च्या सुमाराचं, बरेच खांब अजून उभे, आणि बंदरावर बेटाचा प्रसिद्ध पिस्ता. मग समोरच्या किनाऱ्यावर पालिआ एपिदावरोस: गावातून टॅक्सी केली की इसवीसनपूर्व चौथ्या शतकातलं ते सुप्रसिद्ध नाट्यगृह. उन्हाळ्यात शुक्रवार-शनिवारी तिथे आजही प्राचीन नाटकं होतात, तुमचा वार जुळला तर तिकीट आधी काढा. पुढे पोरोस बेट, आजींना नक्की आवडेल असं, धक्क्यालाच लागून गाव. मग हायड्रा बेट, जिथे खासगी मोटारींना बंदी आहे आणि सामान गाढवं-खेचरं वाहतात.

हायड्राचं बंदर मात्र चिमुकलं आहे. ग्रीसमध्ये बोट धक्क्याला सहसा आडवी लावत नाहीत. पुढे नांगर टाकून मागे मागे येत बोटीची पाठ धक्क्याला लावतात. हायड्रात जागेअभावी बोटी दोन-तीन रांगांत उभ्या राहतात आणि सकाळी नांगरांच्या साखळ्या संक्रांतीच्या मांज्यासारख्या गुंतलेल्या असतात. कॅटामरानला, म्हणजे दोन सांगाड्यांच्या रुंद बोटीला, तर तिथे रात्रीची जागा मिळेल असं धरूच नका. समोर मुख्य भूमीवर एर्मिओनीला बोट बांधून फेरीने हायड्राला जाऊन यायचं, हा शहाण्या स्किपरचा मार्ग. त्याने तो सुचवला तर टाळाटाळ समजू नका.

आयोनियन समुद्र, म्हणजे लेफ्कादा, इथाका, केफालोनिया, हा पश्चिमेचा पर्याय त्याहून शांत. वारा दुपारी उठतो, संध्याकाळी पडतो. पण अथेन्सहून आणखी एक प्रवास वाढतो. मुलं आणि आजी बघता मी तो टाळेन.

बोट कॅटामरानच घ्या, चार केबिनची. एका सांगाड्याची यॉट शिडावर कलते, आणि ज्यांना सवय नाही त्यांना स्वयंपाकघरात उभं राहणंही जड जातं. कॅटामरान महाग पडते: जुलैअखेर चाळीस-पंचेचाळीस फुटी बोटीला आठवड्याला पाच ते नऊ हजार युरो, बोटीच्या वयानुसार. स्किपर वेगळा, दिवसाला साधारण २०० ते २५० युरो, आणि त्याचं जेवण तुमच्याकडे. त्याला झोपायला जागा लागते हे लोक हमखास विसरतात. तुम्ही आठ, तो नववा. पुढच्या टोकाला त्याच्यासाठी छोटी केबिन आहे का ते विचारा, नाहीतर तो बैठकीत झोपेल आणि पहाटे चहा करायला उठणाऱ्यांची पंचाईत होईल. परवान्यावर जितकी माणसं तितकीच चढतात आणि मूलही मोजलं जातं. डिझेल, बंदराचं भाडं, शेवटची साफसफाई, ग्रीसचा जलपर्यटन कर यातलं काय भाड्यात धरलंय, ते लेखी घ्या. आणि अनामत! काही हजार युरो कार्डावर अडकवतात. स्किपरच्या हातून बोट घासली तर भुर्दंड कुणाला, हे करारात नेमकं काय लिहिलंय ते वाचा. अनेकदा उत्तर ‘तुम्हाला’ असंच असतं. अनामतीचा विमा मिळतो, मी तरी तो घेतोच.

स्किपर म्हणजे स्वयंपाकी नव्हे आणि वेटरही नव्हे. भांडी, बाजार, मुलांवर लक्ष हे तुमचं काम. आजचं निघायचं की नाही, कुठे थांबायचं, हे त्याचं. निघण्यापूर्वीच त्याला फोन करून कुणाला पोहता येतं, कुणाला येत नाही ते स्पष्ट सांगा. यात लाजू नका, आपल्याकडे अनेकांना येत नाही. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आधी मागवावी लागतात. आजींसाठी दोन गोष्टी: धक्क्यावर उतरताना अरुंद फळीवरून चालावं लागतं, आणि खाडीत नांगर टाकला तर छोट्या रबरी बोटीत उतरावं लागतं. गुडघे कितपत साथ देतात ते बघून बंदरातल्या रात्री जास्त ठेवा. एसीला किनाऱ्यावरची वीज किंवा जनरेटर लागतो, म्हणून बोटीत एसी आहे यावर खूश होण्याआधी जनरेटर आहे का ते विचारा. संडासात कागद टाकायचा नाही, एकदा तुंबला की आठवडा वाया. बॅगा कापडी, घडी होणाऱ्या. कडक सूटकेस ठेवायला बोटीत जागाच नसते.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, तेव्हा लवकर करा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. राहण्याचा पुरावा म्हणून सगळ्यांची नावं असलेला बोटीचा करार आणि अथेन्सच्या हॉटेलांचं आरक्षण जोडा. पैसे मात्र व्हिसाच्या आधीच गुंततात, म्हणून व्हिसा नाकारला तर किती परत मिळतील, हे पहिला हप्ता भरण्यापूर्वी विचारा.

शाकाहाराची काळजी करू नका. उपासाच्या काळात मांस आणि दूध वर्ज्य करण्याची तिथल्या चर्चची जुनी रीत आहे, त्यामुळे तेलातल्या भाज्या, टोमॅटोत शिजवलेल्या टपोऱ्या, चांगल्या अंगठ्याएवढ्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया, भात भरलेले टोमॅटो हे साध्या खानावळीतही मिळतं. बोटीत गॅसची शेगडी असते, छोटा कुकर न्या. पोहे, डाळ-तांदूळ, मेतकूट चालेल. तूप, पनीर आणि पेढे घरीच ठेवा: युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे.