सेमिनारला चौथ्या वाक्यावर अडते

‘ताई, माझं शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमातून झालं. आता एम.एस्सी. रसायनशास्त्र करतेय. इंग्रजीत पेपर लिहिते. पण परवा सेमिनारला चौथ्या वाक्यावर अडले ती अडलेच. मागून कुणीतरी हसलं. पुढचा सेमिनार तीन आठवड्यांनी आहे.’

आख्खं भाषण पाठ केलं होतंस ना? मग एक शब्द निसटला की पुढचा आठवतच नाही. या वेळी फक्त पहिली दोन आणि शेवटचं वाक्य पाठ कर. बाकी कार्डावर सहा-सात शब्द, वाक्य एकही नको.

सरावासाठी ४-३-२ ही पद्धत धर. टायट्रेशन कसं करतात, असा हातखंडा विषय घे. तो इंग्रजीत ४ मिनिटं सांग, मग तेवढंच ३ मिनिटांत, मग २ मिनिटांत. नवा मुद्दा घालायचा नाही. शेवटच्या फेरीपर्यंत शब्द दोनदा तोंडून गेलेले असतात, म्हणून शोधावे लागत नाहीत. दर फेरीला ऐकणारी वेगळी असली तर उत्तम. रूममेट कंटाळल्या तर मोबाइल आहेच. मध्येच चुका मात्र कुणी काढायच्या नाहीत. त्या नंतर रेकॉर्डिंगमध्ये शोध, एका दिवशी एकाच प्रकारच्या: आज फक्त ‘डिड नॉट वेन्ट’सारख्या.

अडण्याचं आणखी एक कारण म्हणजे मनातल्या मनात चाललेलं भाषांतर. ‘आम्ही तापमान ६० अंशांवर ठेवलं’ यात क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते ‘आम्ही’ला चिकटून. म्हणून आधी ‘वी केप्ट’ बोलून टाक. काय ठेवलं आणि किती अंशांवर, ते मागाहून सुचतं.

गोऱ्यांसारखे उच्चार कशाला हवेत? शब्दातला जोर सांभाळ, तो चुकला तर ओळखीचा शब्दही ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘कॅटलिस्ट’मध्ये जोर ‘कॅ’वर, ‘कटॅलिसिस’मध्ये ‘टॅ’वर, ‘कॅटलिटिक’मध्ये ‘लि’वर. तुझ्या विषयातले असे वीसेक शब्द डिक्शनरीच्या ॲपवर ऐकून घे.

तरी अडलीसच, तर ‘लेट मी पुट इट डिफरन्टली’ म्हण आणि कार्ड बघ. प्रश्नोत्तरांची धास्ती असेल तर मैत्रिणीला एक प्रश्न आधीच देऊन ठेव, पहिला प्रश्न तिनेच विचारायचा. यात लबाडी कसली! पहिलं उत्तर नीट गेलं की घशाची कोरड कमी होते, आणि मागच्या बाकावरचा प्रश्न आला तरी तोवर तू बोलती झालेली असतेस.